फळ्यावरचे सातशे तेरा

मंगला गेल्याची बातमी मला केंद्राच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कळली. सकाळचे नऊ वाजले होते. मी यावलच्या स्टँडवर बसची वाट पाहत उभा होतो. 'श्रीमती मंगला सोनवणे मॅडम यांचे सोनगीर येथे हृदयविकाराने निधन. भावपूर्ण श्रद्धांजली.' त्याखाली हात जोडलेल्या चित्रांची रांग. मी मोजली नाही, पण अंगठा दुखेपर्यंत सरकवावं लागलं इतकी होती. मग ती रांग मध्येच तुटली आणि मजकूर आला : 'आज बारा वाजेच्या आत सर्व शाळांनी ऑनलाइन माहितीची लिंक भरावी. न भरणाऱ्यांची गय केली जाणार नाही.' त्यानंतर पुन्हा जोडलेले हात. आणि मग आमच्या गटशिक्षणाधिकारी साहेबांचा स्वतःचा संदेश : 'रचनावादी शिक्षणाची खरी पाईक हरपली.' हेच साहेब, ज्यांनी दीड वर्षापूर्वी तिच्या शाळेत बसून 'रचनावादी पद्धतीचा अवलंब आढळून आला नाही' असा शेरा सांगितला होता. मला हे ठाऊक आहे, कारण तो शेरा त्यांनी सांगितला आणि मी लिहिला. माझं अक्षर चांगलं आहे ना.

सहा आठवडे झाले. माझा राग उतरलेला नाही. पुरवणीचे संपादक म्हणाले, स्मृतिलेख आहे, थोडा हळवा होऊ द्या. मला हळवं होता येत नाहीये... ज्यांना येतं त्यांनी शोकसभेत भरपूर होऊन घेतलं आहे.

धुळ्याला डी.एड.ला आम्ही एका वर्गात होतो. ती सोनगीरहून रोज बसने यायची, डब्यात कळण्याची भाकरी आणि मिरचीचा ठेचा. मी वसतिगृहात राहायचो, त्यामुळे तो डबा निम्मा माझा असायचा. त्याच हिशोबात तिने मला भाऊ म्हणायला सुरुवात केली आणि पुढे मी आसपासच्या शाळा तपासणारा केंद्रप्रमुख झाल्यावरही, भर बैठकीत, चाळीस शिक्षकांसमोर ती मला 'अरे भाऊ' अशीच हाक मारायची. फलकलेखनाचं बक्षीस दोन्ही वर्षं मला मिळालं. तिचं अक्षर म्हणजे कोंबडीने अंगण उकरल्यासारखं. सराव पाठ घ्यायच्या आधी पाठाचं टाचण लिहून दाखवावं लागे. त्यात एक रकाना असायचा, शिक्षकाचा प्रश्न, आणि शेजारी दुसरा, विद्यार्थ्याचं अपेक्षित उत्तर. आम्ही सगळे ते दोन्ही रकाने भरायचो, मी तर रंगीत पेनाने. मंगला दुसरा रकाना कोरा सोडायची. प्राध्यापकांनी वही तिच्यासमोर आपटली तेव्हा ती खाली मान घालून म्हणाली, सर, पोरं काय म्हणतील ते मला आधी कसं माहीत असणार? सगळा वर्ग हसला. मीही हसलो. तिला त्या पाठाला सर्वांत कमी गुण पडले, आणि त्यानंतर तीस वर्षं तिने तो रकाना कोराच ठेवला.

यावल आणि फैजपूरच्या मधल्या एका गावात तिची शाळा होती. गावाचं नाव लिहीत नाही, कारण माझं भांडण गावाशी नाही. शाळेच्या तिन्ही बाजूंनी केळी, कुंपणापलीकडे पानं फाटल्याचा आवाज दिवसभर. पटावरची अर्ध्याहून जास्त मुलं कापणी आणि वाहतुकीच्या कामावर आलेल्या घरांची. काही पहाडातली, काही तिच्यासारखीच धुळ्याकडची, अहिराणी बोलणारी. दशक-एकक शिकवायला तिने बाजारातले मणी आणले नाहीत. केळीची एक फणी आणली. तिचा बेत असा की फणी म्हणजे दशक आणि सुटं केळ म्हणजे एकक. आणि पहिल्याच मिनिटाला एका पोराने बेत मोडला. "बाई, फणीमा दहा केया नही राहतस." कुणाची चौदा, कुणाची अठरा. ज्यांचे बाप रोज फण्या कापतात त्यांना कोण फसवणार? दुसरा कुणी असता तर 'दहा आहेत असं समजा' म्हणून पुढे गेला असता. मी गेलो असतो. मंगला खाली बसली आणि म्हणाली, "मोजीसन दखाड." दोन दिवस मोजणी चालली. कुणाच्याच फण्या सारख्या निघेनात, बेरजा जुळेनात, भांडणं झाली, एक फणी भांडणात खाल्लीही गेली. तिसऱ्या दिवशी मुलांनीच ठरवलं की सगळ्यांच्या जुड्या सारख्या असल्याशिवाय हिशोब जमणार नाही, आणि बोटं दहा आहेत तर जुडी दहाची करू. केळीच्या सोपटाची, म्हणजे खोडाच्या वाळक्या सालीची, दोरी करून त्यांनी चिंचेच्या काड्यांच्या जुड्या बांधल्या. मी त्या दिवशी भेटीला गेलो होतो. म्हटलं, मंगला, अगं तीन दिवस गेले, हे तर एका मिनिटात सांगता आलं असतं. ती म्हणाली, हो, एका मिनिटात सांगता आलं असतं आणि एका मिनिटात विसरलीही असती पोरं.

मग वरून ज्ञानरचनावाद आला. शब्द वाईट नाही. त्यामागचा विचारही वाईट नाही, हे मला मंगलाच्या वर्गात बसून कळलेलं होतं : मुलाच्या डोक्यात ज्ञान ओतता येत नाही, ते त्याला आधी जे माहीत आहे त्यावर स्वतः रचतं, चुकतं, मोडतं, पुन्हा रचतं. पण आमच्याकडे काहीही वरून आलं की ते रंगाच्या डब्यातून येतं. आम्हाला पाच दिवस प्रशिक्षण मिळालं. सकाळी दहा ते पाच आम्ही खुर्च्यांवर बसलो आणि एका गृहस्थांनी पडद्यावरचं वाचून दाखवलं की ऐकून शिकणं हे शिकणं नव्हे. आम्ही ते ऐकून वहीत उतरवून घेतलं. 'मूल स्वतः ज्ञानाची रचना करते' हे वाक्य त्यांनी आमच्याकडून तीन वेळा मोठ्याने म्हणून घेतलं. मंगला माझ्या शेजारी बसली होती. तिने हात वर केला आणि विचारलं की रचना करताना मूल चुकलं तर ती चूक किती दिवस ठेवायची. गृहस्थ म्हणाले, प्रश्नोत्तरं शेवटच्या सत्रात. शेवटच्या सत्रात फोटो काढले.

त्यानंतर फरश्या रंगल्या. प्रत्येक वर्गात जमिनीवर गोल, चौकोन, सापशिडी, संख्यारेषा, बाराखडीची झाडं. रंगवली की शाळा रचनावादी, नाही रंगवली की मागास, असा सरळ हिशोब. माझ्याच केंद्रातल्या एका शाळेत फरशी इतकी सुंदर झाली की तिच्यावर मुलांना बसू देईनात. रंग उडेल म्हणून मुलं व्हरांड्यात आणि खोलीला कुलूप. पाहुणे आले की कुलूप निघायचं, मुलं पाय धुऊन आत जायची, गोलात बसायची, फोटो व्हायचा. मी त्या शाळेला आदर्श वर्गाचं पत्र दिलं आहे. माझ्या सहीचं. ही गोष्ट सांगून मी कुणाची टिंगल करत नाही, स्वतःचीच करतोय. मंगलाने फरशी रंगवली नाही. मी तिला दोनदा सांगितलं, विनवलं, मग थोडा चिडून सांगितलं. ती म्हणाली, भाऊ, माझ्या पोरांना खडूने जमिनीवर स्वतः रेघा माराव्या लागतात, तू आधीच मारून ठेवल्यास तर ती काय करतील?

तिच्या वर्गाचा एक नियम होता, आणि हा सगळा लेख मी त्या नियमासाठी लिहितो आहे. फळ्यावर ज्याने लिहिलं, त्यानेच पुसायचं. दुसऱ्या कुणी नाही. बाईंनीसुद्धा नाही. डस्टर टेबलावर नसायचं. फळ्याच्या खाली, पहिलीच्या मुलाचा हात पोचेल इतक्या उंचीवर एक खिळा होता, त्याला ते दोरीने टांगलेलं. चुकीचं उत्तर फळ्यावर असेल तर ते तिथेच राहायचं. एक दिवस, दोन दिवस. मुलं येता-जाता त्याच्याकडे बघायची, वाद घालायची, चिंचोके मांडून बघायची, आणि ज्याचं उत्तर त्याला स्वतःला जेव्हा पटायचं की अरे हे जमत नाही, तेव्हा तो उठून जायचा आणि पुसायचा. त्या वेळी वर्ग शांत असायचा. हसायचं नाही, हाही नियमाचाच भाग. मी हे डोळ्यांनी पाहिलं आहे. सात-आठ वर्षांचं पोर स्वतःची चूक स्वतःच्या हाताने पुसतं तेव्हा त्याच्या तोंडावर लाज नसते, हे मला मोठेपणी, नोकरीच्या उत्तरार्धात कळलं.

तिसरीत रोशनी नावाची मुलगी होती. आई-बाप केळीच्या कापणीवर, धुळ्याकडून आलेले, तीन शाळा बदलून ती इथे आलेली. पहिले दोन महिने ती तोंड उघडत नव्हती. मंगला तिच्याशी अहिराणीत बोलायची, तेव्हा नुसती मान हलवायची. एका सोमवारी ती आपणहून उठली आणि फळ्यावर तिने बेरीज केली. अडतीस अधिक पंचेचाळीस. आठ नि पाच तेरा, तीन नि चार सात. उत्तर लिहिलं सातशे तेरा. मंगलाने मला त्या संध्याकाळी फोन केला. इतकी खुशीत होती की मला वाटलं कुणाचं लग्न ठरलं. म्हणाली, भाऊ, पोरगी फळ्याशी गेली. मी विचारलं, उत्तर बरोबर आलं? ती म्हणाली, नाही रे, सातशे तेरा आलं, आता बघ गंमत.

मंगळवारी सातशे तेरा फळ्यावर होतं. बुधवारी रोशनीने अडतीस चिंचोके एका बाजूला मांडले, पंचेचाळीस दुसऱ्या बाजूला, आणि सगळे एकत्र करून मोजले. त्र्याऐंशी भरले. पुन्हा मोजले. फळ्याकडे पाहिलं, ढिगाकडे पाहिलं. तिने शेजारणीला विचारलं की सातशे चिंचोके या खोलीत मावतील का. हे मंगलाने मला नंतर सांगितलं. जुड्या बांधायला रोशनी सोपटाची दोरी शोधत होती, आणि बाहेर गाडी थांबली.

गाडीत साहेब होते आणि मी होतो. अचानक भेट. साहेब दारातून आत आले, फरशी पाहिली, भिंती पाहिल्या, जमिनीवर सांडलेले चिंचोके पाहिले आणि मग फळा पाहिला. खिशातून मोबाइल काढून त्यांनी फळ्याचा फोटो घेतला, कडेला मंगला दिसेल असा. मग विचारलं, "मॅडम, हे उत्तर बरोबर आहे?" मंगला म्हणाली, "नाही साहेब." "मग पुसलं का नाही?" "ज्या मुलीचं आहे ती पुसेल. आज-उद्या पुसेल, तिचं होत आलंय." साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. फक्त पाहिलं. त्यांनी मला काही करायला सांगितलं नव्हतं. मी पुढे झालो, वाकलो, खालच्या खिळ्याचं डस्टर काढलं आणि सातशे तेरा पुसून टाकलं. दोन हात मारले आणि झालं. मागे वर्गात एक आवाज आला, सगळ्या मुलांनी एकदम श्वास आत घेतल्यासारखा. रोशनीच्या हातात दोरी होती. ती तिने खाली ठेवली.

मंगलाने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "ते तिचं होतं, सर." तीस वर्षांत पहिल्यांदा तिने मला सर म्हटलं.

शेरेबुक शाळेच्या कार्यालयात लिहिलं गेलं. साहेब सांगत होते, मी लिहीत होतो, वळणदार. 'फळ्यावर चुकीचे गणित आढळले. शिक्षिकेचे अध्यापनाकडे लक्ष नाही. वर्गसजावट नाही. रचनावादी पद्धतीचा अवलंब आढळून आला नाही.' खाली माझी सही. संध्याकाळपर्यंत तो फोटो जिल्ह्यातल्या प्रत्येक ग्रुपवर होता : 'पाहा, हे आपले गुरुजन!' कुणी हसणारी तोंडं टाकली, कुणी संताप व्यक्त केला. अडतीस अधिक पंचेचाळीस बरोबर सातशे तेरा, मॅडम उभ्या. ज्यांना ती ओळखत होती त्यांनीही हसणारी तोंडं टाकली. मला सगळं माहीत होतं आणि मी एक ओळ लिहिली नाही. मला वाटलं, चार दिवसांत थंड होईल. मग तिला नोटीस आली. तिने खुलासा दिला, दोन पानं, त्याच भयंकर अक्षरात. तो माझ्यामार्फतच वर गेला; तिथे कुणी वाचला असेल असं मला तेव्हा वाटलं नव्हतं. जूनमध्ये तिची बदली झाली, सातपुड्याच्या पायथ्याशी, दोन बस आणि मग पायी.

आणि रोशनी त्यानंतर फळ्याशी गेली नाही, हे मला खूप नंतर कळलं. नव्या बाई आल्या, त्यांनी डस्टर टेबलावर ठेवलं, फरशी रंगवून घेतली. शाळा रचनावादी झाली.

गेल्या दिवाळीत मी सोनगीरला तिच्या घरी गेलो. तब्येत बरी नव्हती, ती रजेवर होती. किल्ल्याकडे तोंड असलेल्या ओट्यावर बसलो. तिने डबा आठवला, प्राध्यापक आठवले, हसली. मी सगळा धीर एकवटून म्हटलं, मंगला, तो शेरा मनातून पुसून टाक.  ती अगदी शांतपणे, वर्गात बोलायची तशी म्हणाली, "भाऊ, तो शेरा तू लिखा. मंग मी कशी पुसू?" चिडून म्हणाली असती तर बरं झालं असतं. मग तिने आत आवाज देऊन चहा सांगितला. निघताना तिने एवढंच विचारलं, रोशनी उठली का फळ्याशी. मी म्हटलं, बघतो. मी बघितलं नाही. मार्चएंड होता, लिंका होत्या, बैठका होत्या... कारणांना आमच्या खात्यात तोटा नाही.

शोकसभा झाली. फलकावर तिचा फोटो, खाली 'ज्ञानरचनावादी शिक्षिका' अशी अक्षरं. साहेब बोलले. सुंदर बोलले, त्यात वाद नाही. मुलांच्या चुकांचा आदर करणारी शिक्षिका, असं म्हणाले. हे कुणी सांगितलं असेल त्यांना? तिच्या खुलाशात हे वाक्य होतं. म्हणजे वाचला होता तर. वाचून बदली केली, आणि ती गेल्यावर त्यातलंच वाक्य तिला हार म्हणून घातलं. मी पहिल्या रांगेत बसलो होतो. मला उठून बोलायचं होतं. मी दोन मिनिटं स्तब्ध उभा राहिलो, सगळ्यांबरोबर.

दुसऱ्या दिवशी मी त्या शाळेत गेलो. रोशनी आता चौथीत आहे. उंच झाली आहे, शेवटच्या रांगेत बसते. नव्या बाईंची परवानगी घेतली आणि फळ्यावर लिहिलं, अडतीस अधिक पंचेचाळीस, बरोबर सातशे तेरा. टेबलावरचं डस्टर उचललं, खालचा खिळा अजून तिथेच होता, त्याला अडकवलं. मग म्हटलं, रोशनी, ये बाळा, त्या दिवशी राहून गेलं होतं. हे तुझं आहे, तू पूस. मला, खरं सांगतो, स्वतःचं थोडं कौतुक वाटत होतं.

रोशनी उठून उभी राहिली. फळ्याकडे तिने नीट पाहिलं, अगदी अंकाअंकाकडे. मग माझ्याकडे. आणि म्हणाली, "हाई मी नही लिखं. हाई तुम्ही लिखं."

वर्ग शांत होता. हसलं कुणी नाही. मी वाकलो, डस्टर काढलं आणि माझ्या सुरेख अक्षरातलं सातशे तेरा पुसलं. तिथून सरळ कार्यालयात गेलो आणि शेरेबुक मागितलं. मुख्याध्यापक घाबरले. म्हणाले, सर, सरकारी नोंद आहे, पान फाडता येणार नाही, खाडाखोडही चालणार नाही, आणि तुमची निवृत्ती तोंडावर आहे, कशाला? मी म्हटलं, फाडायचं नाहीये. ती चूक तिथे दिसलीच पाहिजे. त्या शेऱ्याखाली जागा होती. मी लिहिलं : 'वरील शेरा मी लिहिला आहे. तो खोटा आहे. फळ्यावरचं गणित एका विद्यार्थिनीचं होतं, ती ते स्वतः दुरुस्त करण्याच्या बेतात होती, आणि ते मी पुसलं. या शाळेत रचनावाद होता. तो आम्ही येऊन मोडला.' तारीख घातली, सही केली आणि त्या पानाची प्रत साहेबांना पाठवली.

उत्तर यायचं आहे. नोटीस आली तर येऊ दे, खुलासा तयार आहे. शेरेबुक मुख्याध्यापकांनी परत कपाटात ठेवलं. त्यात आता एकाखाली एक दोन शेरे आहेत, दोन्ही माझ्याच अक्षरातले, आणि दुसरा वाचायला मंगला नाही.